कापसाच्या ट्रॅक्टरवाल्या दादांचे मनापासून आभार

२० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. त्या पुण्यतिथीच्या संध्याकाळी आम्ही गावातल्या बाया अमरावतीत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी वरण-भात, वांग्याची भाजी घेऊन निघालो अन् वलगावच्या अलीकडे टेम्पो बंद पडला. अंधार, थंडी. गाड्या भुर्रकन निघून जात होत्या.

तुम्ही थांबलात. ट्रॉलीत कापूस, जिनिंग कारखान्यात नंबर लावायचा होता. तरी कापसावरची ताडपत्री काढून तुम्ही आमच्या वरण-भाताच्या गंजांखाली अंथरली. दव पडत होतं, वर्षभराची मेहनत उघडी पडली होती. एका खड्ड्यात वरण हिंदकळून कापसावर सांडलं. मी घाबरले. तुम्ही पिवळा झालेला कापूस मुठीनं बाजूला काढलात, म्हणालात, "जाऊ द्या जी, अन्नच हाय."

बसस्थानकाबाहेर पंगत बसली, तेव्हा पहिली पत्रावळ एका म्हाताऱ्या आजीनं तुमच्याकडे सरकवली. तुम्ही तिच्याजवळ मांडी घालून जेवलात. नाव न सांगताच निघालात.

मालक गेल्यापासून दोन वर्षं मी देवापुढं दिवा लावला नव्हता. त्या रात्री लावला. दादा, तुमचा नंबर गेला असेल, भावही गेला असेल. आमच्या गावाकडं कधी आलात तर जेवल्याशिवाय जाऊ नका.