टेपर म्हणजे नुसती खुंटी नव्हे

मा. संपादक,
स. न.

रबाळ्याच्या त्या टेपर शाफ्ट-हबच्या (निमुळता दांडा आणि त्यावर चढणारा चाकाचा मधला भाग) पेटंट अर्जावर काल आपण लिहिलेले स्फुट वाचले. खुंटी भोकात ठोकायचेही आता पेटंट मागतात, ही कोटी जमली आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण तो अर्ज प्रसिद्ध झालेला आहे. पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवालही सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. अर्जाच्या शेवटच्या दोन पानांवरचे दावे (नेमका कशावर हक्क मागितला आहे ते) वाचायला दहा मिनिटे लागली असती. आपण बहुधा फक्त अहवाल वाचलात, आणि अहवाल घसरला आहे तो नेमका टेपरवरच.

ही रचना उघडच सुचण्यासारखी आहे असे म्हणायला अहवालाने घेतलेला पहिला आधार मिलिंग मशीनच्या स्पिंडलचा (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याचा) आहे. त्यातला टेपर ७:२४, म्हणजे २४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने बदलतो. या टेपरचा अर्धकोन सव्वाआठ अंशांहून थोडा जास्त भरतो. तेलाचा हात लागलेल्या पोलादावर घर्षणाचा गुणांक ०.१२ धरला तर घर्षणकोन सात अंशांच्या आत राहतो. अर्धकोन घर्षणकोनाहून मोठा, म्हणजे हा टेपर स्वतःहून धरत नाही, आणि त्याने धरू नये म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो. टूल पटकन सुटावे ही त्याची गरज. ओढून धरायचे काम ड्रॉबार (मागून ओढणारा दांडा) करतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जातो स्पिंडलच्या तोंडावरच्या चाव्यांमधून (खाचेत अडकणाऱ्या पोलादी तुकड्यांमधून). अर्जातला टेपर आहे १:१०. त्याचा अर्धकोन २.८६ अंश, म्हणजे एकदा बसला की हातोडीशिवाय हलायचा नाही. टॉर्क सगळा घर्षणावर, चावी नाहीच. (चावी का नको, हे कोणताही फिटर सांगेल: चावी उंचीला जराशी जास्त झाली की ती हबला एका बाजूने उचलते, टेपरचा संपर्क अर्धा जातो आणि थोड्याच दिवसांत चावीखाचेच्या कोपऱ्यातून हबला तडा जातो.) सुटण्यासाठी केलेला टेपर आणि न सुटण्यासाठी केलेला टेपर यांना 'टेपर' या एका शब्दावर एकत्र बांधून अर्ज ‘उघडच सुचण्यासारखा’ ठरवणे म्हणजे दाराची कडी आणि दाराची बिजागरी एकच समजणे.

दुसरा आधार टेपर बुशच्या (शाफ्ट आणि पुली यांच्यामध्ये बसणाऱ्या निमुळत्या नळीच्या) पुलीचा. त्यात निदान धरणारा टेपर आहे आणि सोडवायची सोयही आहे. बुशमधले स्क्रू काढायचे, त्यातला एक मोकळ्या तिसऱ्या भोकात घालून आवळायचा, की बुश सुटते. हे खरोखरच जुने आहे. नट हबमध्ये अडकवून ठेवायचा आणि उलटा फिरवला की त्यानेच हब बाहेर ढकलायचा, हेही जुनेच. सायकलच्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) तशी सोय कधीपासून मिळते. अर्ज एवढ्यावरच थांबला असता तर मी आपल्या बाजूने पत्र लिहिले असते.

खरी गोष्ट चौथ्या दाव्यात आहे, आणि तिच्याबद्दल अहवालात एक ओळ आहे: हबच्या मागे स्पेसर रिंग (अंतर राखणारे कडे) ठेवणे ही नेहमीची पद्धत होय. माफ करा, नेहमीची पद्धत बरोबर याच्या उलट आहे. टेपरवर हब चढवताना पहिली शिकवण ही असते की हबचे मागचे तोंड शाफ्टच्या खांद्याला (शाफ्ट जिथे जाड होतो त्या पायरीला) टेकता कामा नये. टेकले की नट कितीही आवळा, हब टेपरवर चढतच नाही. नट घट्ट लागतो, फिटर समाधानाने पाना खाली ठेवतो आणि आत हब सैलच राहतो. मग फ्रेटिंग (बारीक हालचालीने होणारी झीज), लाल भुकटी आणि शेवटी खरवडलेला शाफ्ट. म्हणून खांद्यापाशी मोकळी फट ठेवतात. या अर्जात ती फट मुद्दाम भरली आहे, तीही मोजून.

कशी, ते सांगतो, कारण सगळे पेटंट तिथेच आहे. आधी ब्ल्यू (निळा रंग) लावून संपर्क बघायचा. डाग फक्त लहान तोंडाकडे आला तर पुढे जायचेच नाही, कारण मोठ्या तोंडाशी हब डोलणार. संपर्क पटला की दोन्ही भाग कोरडे पुसायचे, हब हाताने दाबून बसवायचा आणि खांद्यापाशी उरलेली फट स्लिप गेजने (अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांनी) मोजायची. समजा ३.२० मिमी आली. रिंग घासायची २.७० मिमीला. आता नट आवळला की हब ०.५ मिमी पुढे सरकतो आणि रिंगवर टेकतो. १:१० टेपरवर ०.५ मिमी सरकणे म्हणजे व्यासावर ०.०५ मिमी आवळ (हबचे भोक शाफ्टपेक्षा तेवढे लहान पडून येणारी पकड), ना जास्त ना कमी. रिंग प्रत्येक जोडीसाठी वेगळी घासावी लागते, कारण बोअरमध्ये (हबच्या भोकात) ०.०१ मिमीचा फरक पडला की बसण्याची जागा ०.१ मिमीने सरकते. डब्यातली तयार रिंग घातली आणि ती ०.३ मिमी जाड निघाली, तर आवळ ०.०२ वर येतो आणि भार पडताच हब घसरतो.

पण रिंग हवी कशाला, टॉर्क रेंच आहे ना, असे अहवालकर्ते विचारतील. टॉर्क रेंच नटाचा टॉर्क मोजते, हबचा आवळ नाही. आट्यांना तेल आहे की नाही यावर त्याच आकड्याला हब कुठे कमी चढतो, कुठे जास्त.

आता नटाकडे या. उदाहरण म्हणून ६० मिमीचा टेपर, ७० मिमी संपर्क, बाहेरून १२० मिमीचा पोलादी हब आणि तोच ०.१२ गुणांक घ्या. ०.०५ मिमी आवळ असेल तर हब चढवायला साधारण १४० किलोन्यूटन आणि उतरवायला साधारण ६० किलोन्यूटन लागतात. बरेच दिवस बसून राहिलेला हब त्याहून जास्त मागतो. उतरवताना हा सगळा जोर नटाच्या कॉलरवरून (कडेवरून) रिटेनिंग प्लेटवर, म्हणजे नट हबमध्ये अडकवून ठेवणाऱ्या प्लेटवर, आणि तिथून प्लेटच्या स्क्रूंवर येतो. ८.८ ग्रेडचे चार एम-६ (६ मिमीचे) स्क्रू ४८ किलोन्यूटनच्या आसपास हार मानतात, म्हणजे आधी प्लेटच उखडून येईल. सहा एम-८ घातले तर १३० पर्यंत झेपते. पण कोणी लांब पाइप लावून हब दुप्पट चढवला, तर उतरवायचा जोरही दुप्पट होतो आणि तेव्हा हे सहाही काठावर येतात. रिंगमुळे चढण्यालाच मर्यादा येते, म्हणून उतरवण्याचा जोर मर्यादेत राहतो, म्हणून छोटी प्लेट टिकते, म्हणून पुलर (हब ओढून काढायचे अवजार) लागत नाही. यातली रिंग काढा आणि अडकवलेला नट निरुपयोगी होतो.

आता पेटंट कायद्याचे कलम ३(फ) पुन्हा वाचा. माहीत असलेली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि आपापल्या ठरलेल्या रीतीने चालणारी उपकरणे नुसती मांडली, तर तो शोध नाही, असे ते कलम म्हणते. अहवालात हेच कलम लावले आहे. यात स्वतंत्रपणे चालणारे काय आहे, हे कोणी दाखवून द्यावे.

आपण सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालाचाही दाखला दिलात. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला, भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा. नुसती कारखान्यातली सुधारणा पेटंटला पुरत नाही, हे न्यायालयाने म्हटले आणि ते पेटंट रद्द ठरले, हे खरेच. पण लेथवर एखादी वस्तू धरणे हा विषयच क्षुल्लक, असे तिथे कोणी म्हटलेले नाही. जुन्यापेक्षा काहीतरी जास्त हवे, एवढेच. हाताखालच्या फिटरला जे करू नको असे शिकवले जाते, ते मोजून मापून करणे हे ‘जास्त’ नसेल तर मग काय असते?

अर्जदारालाही मोकळे सोडत नाही. रिंग आणि प्लेटचे हे नाते मूळ तपशिलात दोन ओळींत उरकले आहे आणि पहिल्या दाव्यात 'योग्य टेपर' असे लिहिले आहे. योग्य म्हणजे किती? मसुदा करणाऱ्याने मोघम लिहिले की दावा मोठा होतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात परीक्षकाला ७:२४ वाला स्पिंडल आणायला दार उघडे मिळते. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती म्हणजे दावा सोडणे, चूक सुधारणे किंवा खुलासा करणे एवढेच. जे मुळात उघड केलेले नाही ते उत्तरात घुसवता येत नाही. सुदैवाने १:१० आणि रिंग, दोन्ही चौथ्या दाव्यात आहेत. तो दावा पहिल्यात मिसळून, अहवालापासून सहा महिन्यांच्या आत उत्तर दिले तर अर्ज अजून वाचतो. मुदत वाढवून मागितली तर तीन महिने आणखी मिळतात. उत्तर दिलेच नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असे धरतात आणि मग हीच रचना कोणीही करायला मोकळा.

जाता जाता. परीक्षणाची विनंती ४८ महिन्यांत करता येते, असे आपल्या चौकटीत छापले आहे. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती मुदत ३१ महिने आहे. महाप्याच्या एखाद्या गाळेवाल्याने आपल्या चौकटीवर भरवसा ठेवला तर त्याचा अर्ज हातचा जाईल. आणि स्फुटासोबत जे चित्र दिले आहे ते टेपर रोलर बेअरिंगचे आहे. नावात टेपर आहे एवढेच त्याचे या विषयाशी नाते. अहवालकर्त्यांचीही हीच तऱ्हा, त्यामुळे चित्र निवडणाऱ्याला फार दोष देत नाही.

पत्र लांबले आहे, कापावे लागेल हे समजते. कापायचेच तर कोट्या कापा, आकडे ठेवा. आणि १:१० चे १.१० करू नका. मागे एका पत्रात आपल्याकडे तसे झाले होते आणि वाचकांचे खुलासे मागणारे फोन मला आले, आपल्याला नाही.

आपला,
एक वाचक, ऐरोली