पेटीवर कोण होतं, हे विचारणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे पत्र आधी सगळ्या नौपाड्याला दिसेल आणि मग तुम्हाला. वहिनी वाचून दाखवतील तेव्हा मध्येच ‘पुरे, पुरे’ म्हणू नका. घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा ठेवून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

२०२४ मध्ये गेलेल्या कलावंतांची गाणी सोसायटीच्या गच्चीवर एकत्र बसून ऐकायची, ही कल्पना माझी. प्लेलिस्टही मीच केली, ऐरोलीहून येताना, ट्रेनमध्ये उभ्याउभ्या. ९ जानेवारीला राशिद खान गेले, अवघे पंचावन्न वर्षांचे. चारच दिवसांनी प्रभाताई अत्रे. फेब्रुवारीत पंकज उधास, नोव्हेंबरात शारदा सिन्हा आणि सारंगीवाले पंडित रामनारायण. आणि १५ डिसेंबरला झाकीरभाई. त्या रविवारी रात्री बातमी आली, मग ‘खोटी आहे’ म्हणून आली आणि सोमवारी सकाळी खरी ठरली. सहा नावं, दीड तास, झालं काम. यादी छापून लिफ्टशेजारी लावली तेव्हा स्वतःवर बरीच खूश होते मी.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तुम्ही गाठलंत. हातात दुधाची पिशवी. ‘यादी चांगली झाली आहे. संजय मराठे कुठे आहेत?’

मला नाव लागलंच नाही, काका. जन्म ठाण्यातला, राम मराठे संगीत समारोहाला शाळेत असल्यापासून जाते, तरी. ज्या रविवारी रात्री सगळं जग झाकीरभाईंसाठी सॅन फ्रान्सिस्कोकडे कान लावून बसलं होतं, त्याच रात्री गायक-नट राम मराठ्यांचे चिरंजीव संजय मराठे आपल्या ठाण्यातल्या एका रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. अडुसष्ट वर्षांचे. गायक, पेटीवादक. वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त भावासोबत त्यांनी ‘मंदारमाला’ हे संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं होतं. बातमी पेपरात होती म्हणे. मी पहिलं पान वाचून मिटला असणार.

तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘फोनमध्ये पेटीवर कोण आहे ते लिहितात का गं?’ मी तिथेच ॲप उघडून पाहिलं. गायकाचं नाव, कंपनीचं नाव, वर्ष. तबला कोणाचा, पेटी कोणाची, पत्ता नाही. जुन्या एलपीच्या पाठीमागे हे सगळं छापलेलं असे, तुम्ही नंतर दाखवलंत. आमच्या फोनात लाखो गाणी आहेत म्हणतात, आणि शेजारी बसून साथ करणारा माणूस त्यात सापडत नाही. नाव घालून शोधायचं, तर आधी नाव ठाऊक हवं ना!

मग तुमची ती बिस्किटांच्या डब्यातली कॅसेट. नाट्यसंगीताच्या कुठल्याशा कार्यक्रमाची. गायकाचं नाव ओलीने पुसून गेलेलं, पण खाली निळ्या शाईत ‘पेटी – संजय मराठे’ स्पष्ट. टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, हेडफोनच्या भोकातून वायर माझ्या लॅपटॉपला जोडली, आणि आवाज आला. मी तर नाचायचीच बाकी होते. तुम्ही मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिलात. ‘खाली लागतंय.’ मला काहीच कळेना. तुम्ही कोपऱ्यातल्या पेटीवरची चादर काढलीत, एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने ‘पांढरी दोन’ ही पट्टी धरलीत. मग बोट हळूच खालच्या काळी एकवर नेलंत आणि दोन्ही आवाज एक झाले. ‘पेटी अशी अर्ध्या सुराने उतरत नाही. टेपचा बेल्ट सैल झालाय.’ लॅपटॉपवर वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला. गाणं पांढरी दोनमध्ये येऊन बसलं, आणि मघाशी दमल्यासारखी वाटणारी पेटी एकदम तरतरीत झाली. तान संपते तिथे गायक श्वास घेतो, तेवढ्या फटीत पेटी ती तान अर्धीच परत म्हणते, पूर्ण नाही. हे तुम्ही बोटाने मांडीवर दाखवलं नसतंत तर मला जन्मात ऐकू आलं नसतं.

यादीवरही तुमची पेन्सिल फिरलीच. प्रभाताईंचा मारू बिहाग राग मी सुरुवातीचा संथ, विलंबित भाग सोडून थेट ‘जागूं मैं सारी रैना’पासून लावणार होते, म्हटलं लोक कंटाळतील. ‘आधीचा विलंबित कापलास? जेवायला बोलावून थेट विडाच पुढे करणार?’ कापला नाही मग. रामनारायणांना मी मध्येच कुठेतरी टाकलं होतं, सारंगी कोण ऐकणार म्हणून. तुम्ही त्यांना संजय मराठ्यांच्या शेजारी आणून बसवलंत. ते आधी रेडिओवर साथीला वाजवायचे, मग मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत, आणि १९५६ पासून एकट्याची सारंगी घेऊन मैफिलीला बसू लागले, हे सांगताना तुमचा आवाज असा काही चढला की जणू बढती तुम्हालाच मिळाली होती. सत्त्याण्णव पूर्ण व्हायला त्यांना दीडच महिना हवा होता.

२८ डिसेंबरला गच्चीवर बावीस माणसं, तीन सतरंज्या आणि तिसऱ्या मजल्याचं कुत्रं. पंकज उधासांना सगळ्यांनी साथ दिली, सुरात म्हणवत नाही. झाकीरभाईंना लहान मुलांनी डबे वाजवून. शेवटी कॅसेटमधलं पद लावलं, आणि तुम्ही सांगून ठेवलं होतंत तसं मी आधी फक्त पेटीवाल्याचं नाव घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी चटकन म्हणाल्या, ‘अगंबाई, संजय!’ त्यापुढे कुणी काही बोललं नाही. तुम्ही पाण्याच्या टाकीला टेकून उभे होतात, खुर्ची दिली तरी बसला नाहीत.

काका, तुमची कॅसेट अजून माझ्याकडेच आहे. पेन्सिलीने नीट गुंडाळून ठेवली आहे. ‘ब’ बाजू आपण ऐकलीच नाही. स्टेशनजवळच्या गल्लीत टेपचे बेल्ट मिळतात असं कळलंय, या रविवारी घेऊनच वर येते. चहा मात्र मी करीन.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची