फाइल सिस्टिम कर्नलमध्येच असते असे नाही

मा. संपादक,

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत ऑपरेटिंग सिस्टिमविषयी आलेला लेख वाचला. लेख सुबोध आहे. मात्र ‘फाइल सिस्टिम हा कर्नलचाच भाग असतो, साध्या प्रोग्रॅमला तेथे शिरकाव नसतो’ हे त्यातील विधान जसेच्या तसे मान्य करता येणार नाही. (फाइल सिस्टिम म्हणजे फाइली ठेवण्याची आणि मागितल्यावर देण्याची व्यवस्था; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.) हंगेरीचे मिक्लोश सेरेदी यांनी उभी केलेली ‘फ्यूज’ ही व्यवस्था ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या २.६.१४ या आवृत्तीत दाखल झाली आणि तेव्हापासून सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालणारा प्रोग्रॅमही लिनक्सवर फाइल सिस्टिम पुरवू शकतो.

शिरकाव नसतो हे अर्धे खरे आहे, कारण प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेरच राहतो. कर्नलच त्याला विचारायला येतो. ‘/डेव्ह/फ्यूज’ नावाचे एक आभासी उपकरण उघडून हा प्रोग्रॅम त्यावर वाचत बसतो. ही फाइल सिस्टिम ज्या फोल्डरला जोडलेली असते त्यातील फाइल कोणी मागितली की कर्नल मागणाऱ्याला थांबवून ठेवतो, मागणीचा एक संदेश तयार करतो आणि तो या उपकरणातून प्रोग्रॅमच्या हाती देतो. संदेशाच्या आरंभी ४० बाइटचे शीर्षक असते: संदेशाची लांबी, कामाचा प्रकार, अनुक्रमांक, कोणत्या फाइलविषयी विचारणा आहे तो क्रमांक, आणि मागणारा कोण. उत्तराचे शीर्षक १६ बाइटचे. त्यात लांबी, चूक झाली असल्यास तिचा आकडा आणि तोच अनुक्रमांक. सरकारी पत्रव्यवहारात ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक’ असे लिहितात, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे दहा मागण्या एकाच वेळी पडलेल्या असल्या आणि उत्तरे मागेपुढे झाली तरी घोटाळा होत नाही.

हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. फ्यूजच्या सोबत मिळणाऱ्या नमुन्यांत ‘हेलो’ नावाची एक छोटी फाइल सिस्टिम आहे, जिच्यात एकुलती एक फाइल असते. ती ‘-डी’ हा पर्याय देऊन सुरू केली की प्रत्येक संदेश पडद्यावर उमटतो. सर्वांत आधी ‘इनिट’: दोन्ही पक्ष आपापली आवृत्ती आणि आपल्याला काय काय जमते ते सांगतात. मग दुसऱ्या खिडकीतून ती फाइल वाचायला घेतली की ‘लुकअप’ येतो, म्हणजे ‘क्रमांक १ च्या, म्हणजे सर्वांत वरच्या, फोल्डरात या नावाचे काही आहे का?’ त्यानंतर ‘ओपन’, मग ‘रीड’. येथे एक गमतीची गोष्ट दिसते. कर्नल ४०९६ बाइट मागतो आणि प्रोग्रॅम १३ बाइट देऊन मोकळा होतो, कारण फाइलच तेवढी आहे. शिवाय लुकअपच्या उत्तरात ‘ही माहिती किती वेळ ग्राह्य धरावी’ हेही सांगितलेले असते आणि ती मुदत संपेपर्यंत कर्नल पुन्हा विचारत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत हा एक तास ठेवता आला तर फार बरे होईल, असे मला वाटते.

लेखकाच्या विधानामागे जी शंका असावी ती मात्र रास्त आहे: परक्या प्रोग्रॅमवर कर्नलने विसंबायचे कसे? कर्नल विसंबतच नाही. अशी फाइल सिस्टिम ज्याने जोडली त्याच्यावाचून इतर कोणाला ती एरवी उघडता येत नाही, अगदी ‘रूट’लाही, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, नाही. विद्यार्थ्यांना हा दोष वाटतो, पण यामागे विचार आहे. फाइल मागणारा काय काय करतो हे त्या प्रोग्रॅमला दिसत असते आणि उत्तरच न देऊन तो मागणाऱ्याला बेमुदत ताटकळत ठेवू शकतो.

ताटकळणे म्हणजे काय, याचा अनुभव मी डेक्कन क्वीनमध्ये घेतला आहे. कार्यालयातील संगणकाचे फोल्डर ‘एसएसएचएफएस’ने, म्हणजे दूरच्या संगणकावरील फाइली नेटवर्कवरून दाखवणाऱ्या फ्यूज फाइल सिस्टिमने, लॅपटॉपला जोडले होते. खंडाळ्याच्या बोगद्यांत नेटवर्क गेले, आणि फोल्डरची यादी मागणारी साधी आज्ञा जी अडकली ती ‘किल -९’ हा सक्तीने बंद करण्याचा आदेश देऊनही मरेना. मागणी प्रोग्रॅमच्या हाती एकदा पडली की उत्तर येईपर्यंत मागणाऱ्याची सुटका नाही. अशा वेळी मागणाऱ्याला नव्हे, उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमला मारावे लागते; नाहीतर ‘/सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्स’ येथे त्या जोडणीच्या क्रमांकाखाली असलेल्या ‘अबॉर्ट’ फाइलीत काहीही लिहावे. मी तेच केले आणि अडकलेली आज्ञा लगेच संपली.

आता वेगाविषयी. प्रत्येक मागणीसाठी कर्नलमधून प्रोग्रॅमकडे आणि परत अशी एक जादा खेप होते, हे खरेच आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये अशा फाइल सिस्टिमना खेळण्यांच्या पंक्तीत बसवले होते. वेगापुरते त्यांचे म्हणणे त्या काळी चूक नव्हते, पण उपयोगाचा अंदाज त्यांचा चुकला असे मी म्हणेन. अँड्रॉइड ११ पासून फोनमधील फोटो आणि डाउनलोड ज्या सामायिक साठ्यात असतात, तो फ्यूजवरच चालतो. एखाद्या अ‍ॅपने फोटो मागितला की ती मागणी ‘मीडियाप्रोव्हायडर’ या प्रोग्रॅमकडे जाते. तो परवानगी तपासतो आणि अ‍ॅपला तसा अधिकार नसेल तर फोटो कोठे काढला ही माहिती गाळून उरलेला फोटो देतो. ही तपासणी कर्नलमध्ये कोंबायची झाली असती तर परवानग्यांचा नियम बदलला की कर्नल बदलण्याची पाळी आली असती. जादा खेपही आता कमी होत चालली आहे. २०२४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.९ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमला फाइल उघडतानाच ‘खरी फाइल ही’ असे कर्नलला सांगता येते आणि पुढचे वाचन-लेखन परस्पर होते.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट, जी लेखात यायला हवी होती. फाइल सिस्टिम पुरवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर संगणक ठप्प होत नाही. त्या फोल्डरवर फक्त ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ असा संदेश येऊ लागतो. माझ्या एका परिचिताने हा संदेश पाहून डिस्क गेली असे समजून ती फॉरमॅट करायला घेतली होती. डिस्क धडधाकट होती. अशा वेळी ‘फ्यूजरमाउंट -यू’ देऊन ते फोल्डर सोडवावे आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून जोडावे. जे लिहून पूर्ण झाले होते ते जागेवरच सापडते.

आपला,
एक सिस्टिम प्रोग्रॅमर, पुणे