तुझ्या त्या सरासरी पगाराबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला आणि खरं सांगते, नीट झोप नाही लागली. देशाच्या सरासरी पगाराचा आकडा बातमीत आला, तू स्वतःचा पगार त्याच्या शेजारी ठेवलास आणि लिहिलंस की चौदा वर्षं नोकरी करून मी अजून सरासरीपर्यंतही पोचलो नाही, माझं कुठेतरी चुकलंच. लगेच फोन लावणार होते पण महिनाअखेर होती, पगाराची शीट बंद करायची होती, आणि शिवाय हे फोनवर होणारं बोलणं नाही, तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, पण पूर्ण वाच.

अकरा वर्षं झाली मला लोकांचे पगार काढून. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, भत्ते, कपात, सगळं माझ्या हातून जातं. आमच्या शीटमध्ये ४३ नावं आहेत आणि सगळ्यात खाली एका चौकटीत मी सरासरी काढून ठेवते, कुणी सांगितलं म्हणून नाही, माझी स्वतःची तपासणी म्हणून. ती एकदम हलली की समजायचं कुठेतरी एखादं शून्य जास्त पडलंय. तर गेल्या वर्षी एका महिन्यात ती चौकट जवळजवळ पाव पटीने वर गेली. माझ्या पोटात गोळाच आला. रात्री साडेनऊपर्यंत बसून ४३च्या ४३ ओळी मागच्या महिन्याशी लावून बघितल्या, ४१ ओळी अगदी तशाच होत्या, एक पैसा इकडचा तिकडे नाही. फरक फक्त वरच्या दोन नावांत होता, त्यांचा वर्षाचा बोनस त्या महिन्यात धरला होता. आणि त्याच दिवशी दुपारी आमच्या हेल्परने माझ्या टेबलापाशी उभं राहून हळू आवाजात ॲडव्हान्स मागितला होता. म्हणजे आमच्या ऑफिसचा सरासरी पगार वर्षातला सगळ्यात जास्त होता त्या दिवशी, आणि त्याच्याकडे महिना काढायला पैसे नव्हते. तेव्हापासून सरासरी म्हटलं की मला तोच डोळ्यासमोर येतो.

आता हेच अख्ख्या देशाला लाव. पगाराला खाली तळ असतो पण वर छप्पर नसतं. खालचा माणूस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, वरचा कितीही वर जाऊ शकतो, म्हणून ती सरासरी कायम वरच्या बाजूला ओढली जाते, आणि जवळजवळ प्रत्येक देशात निम्म्याहून जास्त नोकरदार सरासरीच्या खालीच असतात. आमच्याकडे ४३पैकी ३१ आहेत. मी पण आहे त्यात. बघायचाच असेल तर मध्यक बघ, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि बरोब्बर मधल्या माणसाचा पगार विचारायचा. आमच्या ओळीत तो बावीसावा, आणि वरच्या दोघांना कितीही बोनस मिळाला तरी त्याचा आकडा जागचा हलत नाही. बातमीत शीर्षकाला बहुतेक वेळा सरासरी येते कारण ती मोठी दिसते, मध्यक खाली कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात असतो किंवा नसतोच.

आणि एक विचारू? तू शेजारी ठेवलास तो कुठला पगार होता? तू लिहिलेला आकडा बघून मला तरी तो हातात येणारा वाटला, कर आणि बाकीची कपात जाऊन उरलेला. बातम्यांत येतो तो आकडा बहुतेक कपातीच्या आधीचा असतो. म्हणजे तू त्यांच्या भरलेल्या ताटाशी तुझं जेवून झालेलं ताट ताडून बघितलंस. पहिली चूक असेल तर ही, चौदा वर्षांतली कुठलीही नाही.

मग मोजलं कुणाला हेही बघावं लागतं. बऱ्याच ठिकाणी पगाराचे आकडे नोंदणी झालेल्या मालकांकडून किंवा कराच्या नोंदींतून येतात, म्हणजे ज्यांची पे-स्लिप निघते तेच त्यात येतात. स्वतःचा छोटा धंदा करणारे, रोजंदारीवाले, घरकाम करणाऱ्या बायका यातले कितीतरी त्या हिशेबात नसतातच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८मध्ये अंदाज मांडला होता की जगातले सुमारे २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, असंघटित कामात आहेत. एवढी माणसं धरली तर ती सरासरी कुठे जाईल बघ. उलट कधीकधी माणसं गळाल्यामुळे आकडा छान दिसतो, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलेलं उदाहरण आहे. एप्रिल २०२०, अमेरिका. एका महिन्यात दोन कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या, आणि त्याच महिन्याच्या सरकारी आकड्यांत तासाचा सरासरी पगार चार टक्क्यांहून जास्त वाढलेला. कुणाला पगारवाढ मिळाली नव्हती रे, हॉटेलं, दुकानं बंद झाली आणि कमी पगाराचे लोक आधी बाहेर फेकले गेले, हिशेबात उरले ते घरी बसून काम करू शकणारे, जास्त पगारवाले. खालची ओळ पुसली की सरासरी आपोआप वर जाते. माणूस गेला आणि आकडा सुधारला.

हे झालं आकड्याचं. पण तुझ्या मेसेजमध्ये खरी बोच दुसरीच होती ना, की बरोबर लागलेले पुढे गेले आणि मी तिथेच राहिलो. त्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

सहा वर्षांपूर्वी तू फिरतीची नोकरी सोडून ऑफिसातली घेतलीस ते आठवतंय? काकांचं ऑपरेशन झालं होतं, रात्री त्यांना उठवून बसवायला माणूस लागायचं, आणि तू साहेबांना सांगितलंस की मला सहाला घरी पोचायचंय. पगार तेव्हाच खाली आला आणि पुढची प्रमोशन्स पण थांबली. तू याला "मागे पडणं" म्हणतोस. क्लॉडिया गोल्डिन म्हणून अर्थशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, २०२३चं नोबेल त्यांना मिळालं, त्यांनी दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून बायका आणि पुरुषांच्या पगारातला फरक तपासला. त्यांचं म्हणणं असं की आता सारखं शिक्षण, सारखं काम असूनही जो फरक उरलाय त्यातला मोठा भाग पहिलं मूल झाल्यावर उघडतो. आणि कारण काय, तर काही नोकऱ्या तासांना सारखा भाव देत नाहीत. रात्री अकराला फोन उचलणाऱ्याला, रविवारी निघ म्हटलं की बॅग उचलणाऱ्याला दुप्पट वेळाचे दुपटीहून जास्त पैसे मिळतात. ज्याला घरी कुणीतरी वाट बघतंय तो सकाळी तितकंच चांगलं काम करत असला तरी त्याचा तासच स्वस्त होतो. बहुतेक घरांत ती बाई असते म्हणून तो बायकांचा फरक दिसतो, तुझ्या घरी तू होतास. उलट फार्मसिस्टचं त्यांनी दाखवलंय, अमेरिकेत त्या पेशात हा फरक खूप कमी आहे, कारण काम असं बसवलंय की एक गेला की दुसरा फार्मसिस्ट तिथूनच पुढे चालू करतो, गिऱ्हाईकाचं काही अडत नाही. म्हणजे हा नियम निसर्गाने घालून दिलेला नाही, कामाची मांडणी बदलली की बदलतो. तुझा पगार थांबला तो तुझ्या कामात खोट होती म्हणून नाही, आणि काका त्यानंतर चार वर्षं तुझ्या हातचं जेवले, हे त्या बातमीवाल्याच्या कुठल्याच रकान्यात नाही.

आता माझं सांगते, आधी कधी बोलले नव्हते. मी या कंपनीत लागले तेव्हा मला आधीच्या नोकरीचा पगार विचारला आणि त्यावर थोडे टक्के चढवून दिले. दोन वर्षांनी आमच्या टेबलावर एक जण आला, काम अगदी तेच, सॉफ्टवेअर मीच शिकवलं त्याला, पहिले दोन महिने त्याच्या चुका पण मीच निस्तरल्या. आणि त्याचा पगार शीटमध्ये कुणी भरायचा? मीच. १८ टक्के जास्त. तो आकडा मी स्वतःच्या हाताने टाइप केला, एकदा पुसून परत तपासला, कागद बघितला, बरोबर होता. तो पोरगा चांगला आहे, त्याची काहीच चूक नाही. पण त्या दिवसापासून त्याला "हे असं कर" सांगताना माझ्या घशात काहीतरी अडकायचं. पाच महिने मी कुणाला काही बोलले नाही, कारण पगार बाहेर बोलायचे नाहीत ही आमच्या कामाची पहिली अट आणि मला वाटायचं विचारलं तरी मी ती मोडतेय. शेवटी विचारलं तर उत्तर आलं, त्याचा आधीचा पगार जास्त होता. बस. म्हणजे कधीतरी बावीसाव्या वर्षी, घाबरत घाबरत मी जो आकडा मान्य केला तो माझ्या मागे मागे चालत आला, नोकरी बदलली तरी.

म्हणूनच आता कितीतरी ठिकाणी हा प्रश्न विचारायलाच बंदी येतेय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६मध्ये तसा कायदा केला, युरोपियन युनियनच्या २०२३च्या नियमांत पण आहे की उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही आणि या जागेचा पगार कितीपासून कितीपर्यंत आहे ते आधी सांगायचं. नॉर्वेत तर लोकांचं करपात्र उत्पन्न कुणालाही बघता येतं, फक्त २०१४पासून कुणी बघितलं ते समोरच्याला कळतं.

लिली लेडबेटरचं मी तेव्हा वाचलं होतं. अमेरिकेत टायरच्या कारखान्यात १९७९पासून होती, सुपरवायझर, एकोणीस वर्षं नोकरी. शेवटी शेवटी कुणीतरी निनावी चिठ्ठी तिच्यासाठी ठेवली, त्यात तिचा आणि त्याच पदावरच्या पुरुषांचा पगार होता. तिला महिन्याला ३,७२७ डॉलर, आणि पुरुषांत सगळ्यात कमी असलेल्याला ४,२८६. ती कोर्टात गेली आणि २००७मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरली, कारण कमी पगार ठरवल्याच्या निर्णयापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती म्हणे. अरे पण तिला माहीतच नव्हतं! माहीत नसलेल्या गोष्टीची तक्रार कशी करणार? २००९मध्ये तिच्या नावाने कायदा झाला की कमी पगाराचा प्रत्येक चेक हा नवा अन्याय धरायचा, पण तिला स्वतःला त्या केसमधून काहीच मिळालं नाही. ती चिठ्ठी कुणी ठेवली असेल याचा मी खूप विचार करते. माझ्यासारखंच कुणीतरी असेल, शीट बघणारं.

आणि आकडा समोर दिसत असला तरी कामाची ग्रेड कोण ठरवतो त्यावर सगळं असतं. १९६८मध्ये लंडनजवळ डॅगनमला फोर्डच्या कारखान्यात गाडीच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी संप केला, त्यांचं काम कमी कौशल्याच्या ग्रेडमध्ये टाकलं होतं. सीट नाही म्हणजे गाडी नाही, कारखाना ठप्प झाला. त्या लढ्यातूनच पुढे ब्रिटनचा १९७०चा समान वेतनाचा कायदा आला, पण त्यांना स्वतःला तेव्हा पुरुषांच्या ९२ टक्के दर मिळाला आणि योग्य ग्रेड मिळायला १९८४ उजाडलं, तेही परत संप करून. सोळा वर्षं. त्यातल्या कितीतरी जणी तोवर रिटायर झाल्या असतील.

सगळेच फरक अन्यायाचे असतात असं मी म्हणत नाही. अनुभवाचे, जोखमीचे, रात्रपाळीचे जास्त पैसे मिळायलाच हवेत, मीच लावते ते भत्ते. पण ज्या फरकाचं कारण विचारल्यावर समोरचा मान खाली घालतो तो फरक वेगळा.

आता तुझं काय करायचं ते. देशाशी तुलना बंद कर, ती निरुपयोगी आहे. पाच वर्षांपूर्वीची एक स्लिप काढ आणि तेव्हापासूनची महागाई त्यावर चढवून बघ. २०२२च्या पहिल्या सहामाहीत महागाई वजा केल्यावर जगभरातच पगार घटले होते, या शतकात पहिल्यांदा, त्यामुळे दरवर्षी इन्क्रिमेंट मिळूनही तू प्रत्यक्षात खाली गेला असशील तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तो मुद्दा साहेबांपुढे आकड्यासकट मांडता येतो. दुसरं, तुझ्याच टेबलावर, तुझंच काम करणाऱ्या दोघांना तरी विचार. आधी स्वतःचा आकडा सांग, मग समोरचा सांगतो. अवघड जातं, माहितीये. आणि अप्रायझलला "मला वाढ द्या" म्हणू नकोस, विचार की माझ्या ग्रेडचा पगार कितीपासून कितीपर्यंत आहे आणि त्यात मी नेमका कुठे आहे, आणि उत्तर ईमेलवर माग. मी तसंच केलं होतं, दोन वर्षांत माझा निम्म्याहून जास्त फरक भरून निघाला, मागची थकबाकी मात्र नाही मिळाली.

तुझ्या शेवटच्या तीन स्लिप आणि ती जुनी एक, चारही फोटो काढून आजच पाठव. कपातीचा रकाना पूर्ण दिसू दे, मागच्या वेळी अर्धा कापलेला फोटो पाठवला होतास. तुझं अप्रायझल अठराला आहे ना, मी त्याआधी रविवारी बसून सगळं एका कागदावर मांडून देते. फोन रात्री दहानंतर कर, तोवर शीट चालू असते.

तुझी,
मी

ता.क. काकूंना मी हे सगळं लिहिलंय ते सांगू नकोस, पण त्यांची विचारपूस केली म्हणून सांग.