मूडसच्या आवाजांबद्दल आई-अण्णांना

मूडस, कनेटिकट, अमेरिका
दि. १६ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच्या फोनवर आई जे बोलली त्यापेक्षा जे बोलली नाही त्यावरून मला कळले, की काकांच्या पिंटूने मी राहते त्या गावाची माहिती मोबाइलवर शोधून साऱ्या घराला वाचून दाखविली आहे. फोनवर हा विषय निघाला की आजी फोन हातात घेते आणि ‘तिथून नीघ’ एवढेच म्हणते, त्यामुळे माझे सांगणे दर वेळी अर्धवट राहते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. अण्णांनी ते आजीला सावकाश वाचून दाखवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. दवाखान्यातल्या पाळ्या, जेवण आणि इथली थंडी यांबद्दल तुम्हाला सगळे ठाऊकच आहे.

पिंटूने वाचले ते खोटे नाही. इथे जमिनीतून आवाज येतात. कनेटिकट नदीच्या पूर्वेला, सॅमन आणि मूडस या दोन लहान नद्या मिळतात तिथे माउंट टॉम नावाची टेकडी आहे, तिच्या आसपास दाट झाडीचे सरकारी राखीव रान आहे, आणि आवाजांचा उगम त्याच भागात सांगतात. इंग्रज येण्याआधी इथे वांगंक लोक राहत आणि त्या टेकडीला देवाचे ठाणे मानीत. इथले पाद्री स्टीफन हॉस्मर यांनी १७२९ मध्ये बॉस्टनच्या एका स्नेह्याला पत्र लिहून या आवाजांची हकिगत कळविली होती. आधी लांबून मंद गडगडाट सरकत येतो, तो पायांखाली पोहोचला की तोफ सुटल्यासारखा फुटतो आणि घर हादरते, असे त्यांनी लिहिले आहे. एका वृद्ध वांगंकाला त्यांनी कारण विचारले, तेव्हा गोऱ्यांचा देव इथे आल्यामुळे आमचा देव रागावला आहे, असे उत्तर मिळाले. पुढे स्टील नावाचा कोणी डॉक्टर इंग्लंडहून आला आणि डोंगराच्या पोटातले तेजस्वी रत्न काढून नेले की आवाज बंद होतील असे सांगून गेला, अशी एक दंतकथाही इथे चालते. रत्न नेले की नाही कोण जाणे, आवाज राहिले.

मी स्वतः ऐकला तो पानगळीच्या दिवसांत. रविवारी त्या रानात फिरायला गेले होते. सॅमन नदीचे पात्र जिथे खाडीसारखे पसरते, त्याच्या वरच्या चढावर उभी असताना एकच दणका झाला. धान्याच्या रिकाम्या कोठीवर बाहेरून बुक्की मारावी तसा तो बद्द होता. त्याला दिशा नव्हती आणि पडसादही उमटला नाही. कानांच्या आधी तो तळपायांना कळला. त्या दिवसांत इथे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, त्यामुळे मी पहिल्यांदा बंदुकीचा बार समजले, पण बार हवेतून येतो आणि हा खालून आला होता. समोरून एक आजोबा कुत्र्याला घेऊन येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती भुवई उंचावली आणि कुत्र्यासह पुढे गेले. मी घाबरले नाही, असे जे फोनवर म्हटले होते, ते त्यांना पाहिल्यानंतरच्या वेळेपुरते पूर्ण खरे आहे.

आता या लोकांची एक रीत सांगते, जी मला अजूनही नीट उमगलेली नाही. अमेरिकेत प्रत्येक शाळेच्या खेळाच्या संघाला एक टोपणनाव असते. कोणी वाघ, कोणी ससाणे, कोणी अस्वल असे काहीतरी झुंजार नाव घेतात, ते गणवेशावर छापतात, आणि सामन्याच्या वेळी अख्खे गाव त्या नावाने ओरडते. इतपत मला कळते, कारण आपल्याकडेही कबड्डीच्या संघांना अशीच नावे असतात. पण इथल्या हायस्कुलाच्या संघाचे नाव ‘नॉइझेस’ आहे, म्हणजे चक्क ‘आवाज’. मुली बास्केटबॉल खेळायला येतात त्या छातीवर ‘आवाज’ लिहून, आणि त्यांचे आईबाप बाकांवर उभे राहून ‘चला आवाज, चला’ म्हणून त्यांना हुरूप देतात. किल्लारीच्या भूकंपापासून ज्या गोष्टीच्या धास्तीपायी आपण रात्री अंगणात बाज टाकून झोपतो, ती यांनी पोरींच्या सदऱ्यावर छापली आहे. मी हे इथल्या एका सहकारी बाईंना शक्य तितक्या सभ्य शब्दांत विचारले. त्या म्हणाल्या, ‘मग दुसरे काय नाव ठेवणार? आमच्याकडे दुसरे आहे काय?’ आणि मला वाटते, की त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. आईला हे हास्यास्पद वाटेल आणि आजीला अभद्र वाटेल, हे मला माहीत आहे. तरीही लिहिले, कारण ज्यांना खरोखर भीती असते ते असे करणार नाहीत, एवढे तुमच्या ध्यानात यावे.

कारण काय, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. बॉस्टन कॉलेजच्या वेस्टन वेधशाळेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली, आणि १९८० च्या दशकात इथे लहान लहान धक्क्यांचे थवे नोंदले गेले. एकेका थव्यात शेकडो धक्के. ते इतके क्षीण असतात की एरवी कोणाला कळलेही नसते. पण त्यांची जागा भूपृष्ठापासून जेमतेम एक-दोन किलोमीटर खोल आहे आणि वरचा खडक जुना व टणक आहे, त्यामुळे त्यांची बारीक, जलद कंपने वाटेत विरून न जाता थेट वर येतात आणि जमिनीतून हवेत शिरून कानाला ऐकू येतात. मोठ्या खोलीवरच्या भूकंपात जमीन हलते, इथे ती बोलते, एवढाच फरक. २०११ च्या मार्चमध्ये इथे असाच मोठा दणका झाला, लोकांना कुठे तरी स्फोट झाला असे वाटले, आणि मोजणीत तो केवळ १.३ तीव्रतेचा धक्का निघाला. पुढे-मागे हिवाळ्यात दुसरा एखादा आवाज माझ्याकडून फोनवर ऐकलात, तर हेही लक्षात असू द्या, की कडाक्याच्या थंडीत ओली जमीन गोठून तडकते आणि तळ्यावरचा बर्फही फुटतो. त्यांचेही बार होतात. प्रत्येक दणका मूडसचाच असतो असे नाही.

आता आजीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो मला टाळता येत नाही. आजी म्हणते, किल्लारीलाही आधी असेच होत होते. १९९२ मध्ये जमीन वरचेवर हादरत होती, लोक बाहेर झोपत होते. मग ते थांबले, लोक पुन्हा घरात झोपू लागले, आणि पुढच्या वर्षी विसर्जन करून आलेले गाव पहाटे उठलेच नाही. आजीचे म्हणणे खरे आहे, ते कोणत्याही पुस्तकाने खोटे ठरत नाही. मी फक्त एवढेच म्हणते, की आपल्याकडे त्या खडकाला कोणी ओळखत नव्हते आणि इथल्या खडकाची तीनशे वर्षांची नोंद आहे. तीत सर्वांत मोठा धक्का १६ मे १७९१ चा आहे. त्या रात्री दगडी कुंपणे ढासळली, धुराड्यांची टोके पडली, पुढे सकाळपर्यंत बारीक धक्के चालूच होते, आणि बॉस्टन व न्यूयॉर्कपर्यंत तो जाणवला. पुन्हा तेवढा मोठा इथे झालेला नाही. आपल्याकडे भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी सहाशे मीटरहून खोल छिद्र पाडून खालचा खडक तपासला, तसेच इथेही १९८० च्या दशकात सुमारे दीड किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकावरचा ताण मोजलेला आहे. यापुढे काय होणार, हे मात्र इथलेही शास्त्रज्ञ लिहून देत नाहीत, आणि आजीला मी खोटे सांगणार नाही.

दुसरे असे, की माझे घर लाकडाचे आहे. आपल्या जुन्या गावात माणसे धक्क्याने कमी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली व माळवदाच्या मातीखाली जास्त गेली, हे अण्णांनीच मला शिकविले. इथे भिंती लाकडी सांगाड्याच्या, छप्पर हलके, दगड फक्त पायाला. विटांचे आहे ते एकटे धुराडे. माझा पलंग त्या भिंतीपासून लांब, दाराच्या बाजूला आहे. घरमालकीण बाईंनी सामान लावून दिले होते त्यात तो धुराड्याकडे होता. आल्याच्या आठवड्यात मी तो हलविला. आजीला हे मुद्दाम सांगावे.

पिंटूने अणुभट्टीचाही उल्लेख केला असे अण्णा म्हणाले. ती सॅमन नदीपलीकडे हॅडम नेक इथे होती, १९९६ मध्ये बंद पडली आणि नंतर पाडून टाकण्यात आली. तिचे वापरलेले इंधन पोलाद आणि काँक्रीटच्या जाड आवरणांत तिथेच ठेवलेले आहे, पण भट्टी अशी आता काही नाही. पिंटूने अर्धे वाचले की उरलेले अर्धेही वाचावे. आणि मी जंगलात एकटी राहते, हेही त्याने वाढवून सांगितले आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, रस्त्यावर दिवे आहेत, दवाखाना गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. जवळच्या मिडलटाउन शहरात घर घेतले असते तर भाडे पुष्कळ जास्त पडले असते, आणि तो फरक कुठे जातो हे तुम्ही जाणताच.

आता महत्त्वाचे. धाकटीच्या लग्नासाठी मी या महिन्यात चार लाख रुपये पाठविले आहेत. अण्णांच्या स्टेट बँकेच्या खात्यावर चार-पाच दिवसांत जमा व्हावेत. मंगल कार्यालयाची इसार आणि मानपानाचे कपडे त्यातून करावेत. उरले तर आजीच्या अंगणातल्या शेडचे पत्रे बदलून घ्यावेत, ती नको म्हणाली तरी. दागिन्यांसाठी एप्रिलमध्ये आणखी पाठवीन. तोवर सावकाराकडे जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. वरपक्षाने गाडीची गोष्ट पुन्हा काढली तर अण्णांनी स्वतः उत्तर न देता माझे नाव सांगावे. मुलगी परदेशात आहे म्हणून मागायचे आणि मुलगी परदेशात आहे म्हणून नावे ठेवायची, ही दोन्ही कामे त्यांना एकदम करता येणार नाहीत.

लग्नाला येण्याबद्दल अजून नक्की लिहिता येत नाही. माझ्या व्हिसाचा शिक्का भारतात जाऊन नव्याने घ्यावा लागेल, मुंबईची तारीख मिळत नाही, आणि शिक्क्यावाचून परत येता आले नाही तर नोकरी जाईल आणि पुढचे हप्तेही. धाकटीला मी रात्री फोन करून हे सांगितले. ती ‘चालेल ताई’ म्हणाली. तिला चालणार नाही हे मला कळते. थोरली बिनलग्नाची आणि त्यातून मांडवातही नाही, असे पाहुणे म्हणतील. आईने त्यांना रजा मिळाली नाही असे सांगावे, तेवढे पुरे आहे. सोलापूरच्या स्थळाबद्दल मी विचार करते आहे असे मामांना कळवा. पत्रिका पाठवू नका, आधी मुलाचा फोटो आणि तो काय काम करतो ते लिहा.

वैशाखातला मुहूर्त नक्की झाला की त्याच दिवशी कळवावे, म्हणजे मुंबईच्या तारखेसाठी पुन्हा अर्ज करता येईल. पैसे जमा झाल्याचाही निरोप द्यावा. बँकेने मागच्या वेळी नावातल्या अक्षरावरून अडविले होते, तेव्हा अण्णांनी पासबुक सोबत न्यावे.

तुमची,
थोरली