शुक्रवार माझा आहे

ऐरोली, नवी मुंबई
ईस्टरच्या आदला शनिवार

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

काल उत्तम शुक्रवारी मी नगरला आले नाही. आई, फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला कळतं. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना मी लहानपणापासून तुमच्या दोघांच्या मध्ये बसून ऐकली आहे. का आले नाही ते फोनवर सांगायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहायला बसले.

पप्पांच्या चिमणीचं डायलिसिस दिवाळीपासून सुरू आहे, हे तुम्हाला माहीत आहे. घणसोलीच्या खोलीत आम्ही चार वर्षं एका स्टोव्हवर चहा केला, तीच ती, नाताळाला आपल्याकडे येऊन अर्धी करंजी ताटात ठेवणारी. तेव्हापासून पप्पा तिला चिमणी म्हणतात. आता तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार ठाण्याच्या सेंटरला जावं लागतं, दर वेळी चार तास मशीनवर. मावशींना, म्हणजे तिच्या आईला, शुगर आहे, त्यामुळे त्यांची किडनी तिला देता येत नाही. प्रतीक्षा यादीत नाव लावलं आहे. म्हणून आम्ही वार वाटून घेतले. सोमवारी तिचा भाऊ बदलापूरहून येतो, बुधवारी तिच्या ऑफिसमधली एक जण. शुक्रवार माझा. मला त्या दिवशी घरून काम असतं, लॅपटॉप घेऊन तिथे बसते. ऐरोलीहून ठाणे लोकलने दहा-बारा मिनिटांचं, पण खरी परीक्षा ठाण्याच्या जिन्यावर होते. परतताना रिक्षाच करतो, कारण मशीनवरून उठल्यावर तिचं बीपी खाली येतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात.

पण सुरुवातीला मी कशी वागले तेही तुम्हाला सांगायचं आहे. पहिल्याच आठवड्यात मी तलावपाळीवरून शहाळं घेऊन गेले. आजाऱ्याकडे जाताना आपण नेतोच ना! सिस्टरने दारातच ते हातातून काढून घेतलं. नारळपाण्यात पोटॅशियम फार असतं. किडनी काम करत नसली की ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्रेमाने नेलेली वस्तू तिच्या जिवावर बेतली असती. आधी एक शब्द विचारलं असतं तर?

आणि दुसरं मी जे नेलं ते शहाळ्यापेक्षा वाईट होतं. तिच्याजवळ बसून मी म्हणाले, "देव सोसवेल तेवढंच देतो." तिने भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे मला जास्त सोसतं म्हणून मला दिलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पौलाने मोहाच्या प्रसंगाबद्दल लिहिलेलं वाक्य मी मोडून आजारावर लावलं होतं, हे घरी येऊन शास्त्र उघडल्यावर कळलं.

त्या रात्री शास्त्रातलं ईयोबाचं पुस्तक वाचलं, सगळं गमावून आजारी पडलेल्या त्या भल्या माणसाचं. त्याच्या तिघा मित्रांना आपण नेहमी नावं ठेवतो. पण ते आधी लांबून आले, रडले आणि सात दिवस-सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. तोवर ते फार चांगले मित्र होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून कारणं सांगायला घेतल्यावर. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ईयोबालाच सांगितलं. मी तर सात मिनिटंही गप्प बसले नव्हते.

आणि पप्पा, तेव्हा तुमची आठवण झाली. शेजारच्या मास्तरकाकांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही शाळा सुटली की सायकल त्यांच्या ओट्याला टेकवायचात आणि पेपर वाचून दाखवायचात. पहिल्या पानापासून सोन्याच्या भावापर्यंत सगळं. ना उपदेश, ना "सगळं ठीक होईल". मला वाटायचं, हे काय, रोज तेच! काकी मात्र पाच वाजले की खुर्ची बाहेर काढून ठेवायच्या. तुम्ही येणार हे त्या खुर्चीला ठाऊक होतं. किती वर्षं, पप्पा? काका गेले तोपर्यंत. एवढ्या वर्षांत घरी तुम्ही त्याबद्दल एकदाही काही बोलला नाहीत.

मग मी चिमणीला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "वेळेवर ये. आणि माझ्यासमोर घटाघटा पाणी पिऊ नकोस." तिला दिवसाचं पाणी मोजून मिळतं. तेव्हापासून माझी बाटली मी बाहेरच्या बाकावर ठेवते. तिच्या हातावर फिस्टुला केला आहे, म्हणजे मशीनच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडली आहे. तिथे बोट ठेवलं की मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ती थरथर आहे ना, हे रोज पाहावं लागतं. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, पिशवी अडकवायची नाही. बटाट्याच्या लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. आई, भाजीचं पाणी फेकलेलं तुला चालणार नाही, मला ठाऊक आहे! पण तिच्यासाठी तेच औषध आहे.

प्रार्थना मी घरीच करायचे. फेब्रुवारीत एकदा तीच म्हणाली, "घरी करतेस ना माझ्यासाठी? मग इथेच कर. मोठ्याने नको." तेव्हापासून सुई लावताना मी तिचा दुसरा हात धरते आणि मनातल्या मनात करते. ती डोळे मिटते. ती काय म्हणते मला माहीत नाही, विचारतही नाही.

तर काल बारा ते तीन, तुम्ही ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये होता तेव्हा मी मशीनच्या आवाजात बसले होते. मावशी बाहेर बाकावर होत्या. सात उद्गार मी एकेक आठवत गेले आणि तिसऱ्यापाशी थांबले. वधस्तंभावरून आपल्या प्रभूने आईला सांगितलं, हा तुझा मुलगा, आणि शिष्याला सांगितलं, ही तुझी आई. योहान लिहितो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. इतक्या वर्षांत मी फक्त त्या शिष्याचा विचार केला होता. काल पहिल्यांदा मरियेचा केला. तीही गेली ना त्याच्या घरी! "मला कुणाचा त्रास नको" म्हणाली नाही.

पप्पा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले नाहीत आणि तुम्ही स्कूटर काढून बँकेत गेलात, हे आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. मास्तरकाकांचा मुलगा, आपला दादा, रोज संध्याकाळी विचारायला येतो, "काका, कुठे सोडू का?" आणि तुम्ही म्हणता, "कशाला, तू तुझी कामं कर." पप्पा, तो त्या ओट्यावर तुमचा पेपर ऐकत मोठा झाला आहे. त्याला हे करू द्या. मी इथे मावशींचा हात धरून जिना उतरते तेव्हा मनात सारखं येतं की तिकडे माझ्या आईचा आणि पप्पांचा हात कुणी धरला असेल? तुम्ही धरू दिला तरच मला इथे निश्चिंत बसता येईल.

सोमवारी साडेदहाला डोळे तपासायचे आहेत. दादाशी मी बोलले आहे, तो दहाला रिक्षा घेऊन येईल. आई, तूही जा, आणि ड्रॉप्सची चिठ्ठी बरोबर घे. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, चोळू नका.

आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली की एक काम आहे. चिमणीला मशीनवर दीड वाजल्यानंतरचा वेळ जाता जात नाही. मी तिला तुमच्या पेपरवाचनाचं सांगितलं, तर म्हणाली, "मला नाही का वाचून दाखवणार?" शुक्रवारी दीडला मी फोन लावून तिच्या उशाशी ठेवेन. सोन्याचा भावसुद्धा वाचा, तिने मुद्दाम सांगितलं आहे.

तुमची लेक,
सोनी