ताई, तुम्ही वाचलंत म्हणून

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि मुद्दाम उघड पत्र, कारण एकवीस दुपारी तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते इतरांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या डोळ्याचा पडदा सरकला, तातडीने ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला जागच्या जागी दाबून धरावा म्हणून दहा दिवस पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. त्यानंतरही बरेच दिवस वाचन बंद. वाचल्याशिवाय मला झोप येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि विचारलंत, "कोणतं वाचू?" मी क्षणाचाही विचार न करता 'द थॉर्न बर्ड्स' म्हणाले, कॉलीन मॅकलोची कादंबरी. मग कपाटातून ती जाडजूड, पाठीला चिकटपट्टी लावलेली प्रत काढून तुम्ही बसलात.

एकोणिसाव्या वर्षी हे पुस्तक मी चार रात्रींत संपवलं होतं. मला फक्त मेगी आणि फादर राल्फ हवे होते. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला देखणा धर्मगुरू आणि त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली मुलगी, त्यांची भेट कुठल्या पानावर आहे एवढंच मी शोधत होते. मेंढ्या, दुष्काळ, ऑस्ट्रेलियातल्या ड्रोगेडा या मेंढ्यांच्या मळ्याची ती अफाट जमीन, उसाच्या फडातली राबणूक, सगळं मी भराभर उलटलं होतं. १९१५ ते १९६९ अशी चोपन्न वर्षं आणि एका घराण्याच्या तीन पिढ्या त्यात आहेत, हे तेव्हा विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं.

तुम्हाला काहीच गाळायचं नव्हतं. ऐकणाऱ्याला पानं उलटता येत नाहीत, ताई. पहिल्याच दुपारी ती बाहुली आली. चार वर्षांची मेगी, वाढदिवसाला मिळालेली बाहुली, भावांनी ती हिसकावलेली, मोत्याचे मणी गवतात सांडलेले. तुम्ही ते इतक्या सावकाश वाचलंत की मला गवत दिसू लागलं. खरं तर तेव्हा समोर फक्त फरशी होती, आणि फरशीवर तुमची पावलं. मग धावत येतो तो फ्रँक, सगळ्यात थोरला. तुम्ही थांबलात आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "हा मुलगा या घरातला वाटतच नाही."

मी उशीत तोंड खुपसून गप्प राहिले. पुढचं मला माहीत होतं, पण तुम्ही बोललात तसं ते मला कधी दिसलं नव्हतं. फ्रँक हा फीचा, म्हणजे मेगीच्या आईचा, लग्नाआधीचा मुलगा. प्रतिष्ठित घरातली ही मुलगी एका विवाहित राजकारण्याच्या प्रेमात पडली, आणि तिला पॅडी क्लिअरी या साध्या मजुराच्या गळ्यात बांधून घराबाहेर काढलं गेलं. पुस्तकातलं पहिलं निषिद्ध प्रेम ते. राल्फ कथेत यायच्या आधीच ते घडून गेलेलं आहे, आणि त्याचं फळ पहिल्या प्रकरणापासून आईसाठी लाकडं फोडत डोळ्यांसमोर उभं आहे. मी मात्र इतकी वर्षं ही मेगीची गोष्ट समजत होते!

त्यानंतर मी फीच ऐकत राहिले. ती बोलत नाही, तक्रार करत नाही, मुलीला जवळ घेत नाही. एकोणिसाव्या वर्षी मला तिचा राग यायचा. आता तसं झालं नाही. वणव्यात पॅडी गेल्यावर तिला उमगतं की या माणसावर आपलं प्रेम होतं. ते पान तुम्ही वाचलंत आणि मी "पुन्हा वाचा" म्हणाले. का, ते तुम्ही विचारलं नाहीत. पाणी प्यायलात आणि पुन्हा वाचलंत. त्याबद्दल वेगळे आभार मानायचे आहेत. माझ्या घरात काय घडून गेलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्या दुपारी ते बोलून दाखवायची माझी तयारी नव्हती.

पुढे मेगीच्या मुलाचा, डेनचा चेहरा पाहून तो राल्फचा आहे हे फीला कळतं, आणि आपणही याच वाटेने गेलो होतो हे ती मेगीला सांगते. माझ्या मते कादंबरी तिथे तिच्या सर्वांत उंच जागी पोचते. राल्फ-मेगीच्या बेटावरच्या दिवसांपेक्षाही उंच. आई आणि मुलगी पहिल्यांदा दोन बायका म्हणून एकमेकींकडे बघतात.

डेन बुडाला त्या दुपारी तुमचा आवाज स्थिर होता. तोवर मी खुर्चीत बसू लागले होते, पण मान खाली घालायची सवय गेली नव्हती, म्हणून मला दिसलं: तुमच्या पायांची बोटं फरशीवर घट्ट रोवलेली होती. राल्फला तो आपला मुलगा होता हे रोममध्ये, तो गेल्यावर कळतं, तिथे तुम्ही पुस्तक मांडीवर पालथं ठेवलंत. आपण दोघी कितीतरी वेळ काही बोललो नाही.

मधल्या गप्पांत तुम्ही कॉलीन मॅकलोबद्दल सांगितलंत तेही लक्षात राहिलं. ही ऑस्ट्रेलियन बाई येल विद्यापीठात मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करायची. दिवसभर प्रयोगशाळा आणि रात्री लिखाण. १९७७ साली पुस्तक आलं आणि जगभर गेलं. फी इतकी खरी का वाटते याचं उत्तर मला त्यात थोडंसं सापडतं. दिवसभर दुसऱ्याच कामाला जुंपलेल्या बाईनेच तिला लिहिलंय.

आता डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आहे. डाव्या डोळ्याला ओळी अजून किंचित वाकड्या दिसतात, पण दिसतात. काल तीच प्रत उघडली तर समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, तुम्ही रोज जिथे थांबलात तिथे एकेक. वीस मोजल्या. फीच्या त्या पानाशी दोन आहेत.

सातवा भाग, मेगीच्या मुलीचा, जस्टिनचा, आपण घाईत उरकला. तुमचा घसा बसला होता आणि मला शेवट गाठायचा होता. जस्टिनवर अन्याय झाला. रविवारी दुपारी या. या वेळी मी वाचते, तुम्ही ऐका. माझा डोळा दमला की थांबू आणि खूण करू.

तुमची,
खालच्या मजल्यावरची